मुरुडचे अण्णा कर्वे : साताऱ्याची पायपीट ते हिंगण्याची मुलींची शाळा

दापोली : मुरुड म्हटलं की आता लोकांना समुद्र, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या आणि शनिवार-रविवारची पुण्या-मुंबईच्या गाड्यांची गर्दी आठवते. (रायगडातलं मुरुड-जंजिरा वेगळं, हे दापोली तालुक्यातलं मुरुड.) आपल्याकडची पोरं पुण्याला शिकायला किंवा नोकरीला जातात तेव्हा रोज कर्वे रोडने जातात, कर्वेनगरला खोली घेऊन राहतात. पण तो कर्वे रोड ज्यांच्या नावाचा ते धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. आणि ज्या गावचे ते, त्याच गावाने एकदा त्यांना वाळीत टाकलं होतं, हे तर त्याहून कमी लोकांना.

धोंडूचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. घर मुरुडला. वडील केशवपंत कोरेगावला एका जमीनदाराकडे कारभार बघायचे, आई लक्ष्मीबाई. घराण्याला पूर्वी बरे दिवस होते म्हणे, पण धोंडू मोठा होईपर्यंत त्यातलं फारसं काही उरलं नव्हतं. पोरगा लाजाळू, चणीने लहान आणि अभ्यासात हुशार. गावच्या शाळेत सोमण गुरुजी होते. त्यांनी या पोराला सार्वजनिक कामाची गोडी लावली. दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम धोंडूकडे आलं. तेव्हा गावात वाचता येणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. चार लोकांपुढे तोंड उघडायला घाबरणारा मुलगा तिथे रोज मोठ्याने वाचू लागला. भाषण करायची भीती मात्र त्याची पुढेही फार वर्षं गेली नाही.

मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की मास्तर किंवा कारकून होता यायचं. म्हणजे घराला आधार. १८७५ चा सप्टेंबर. त्या दिवसांत समुद्राचा भरवसा नाही, म्हणून मुंबईचा विचार सोडून धोंडू आणि त्याचे सोबती साताऱ्याला निघाले. पायी. अंतर एकशे दहा मैलांच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेदोनशे किलोमीटर. शेतात भात पोसवायला लागलेलं, पाऊस अजून गेलेला नाही, पऱ्हे भरलेले, वाटेत कुंभार्ली घाट. आज चिपळूणहून एसटीने कराडला जाताना घाटात धुकं आलं तर ड्रायव्हर गाडी हळू करतो. ही पोरं त्याच घाटातून पाठीवर बोचकं घेऊन चढली. काही दिवस चालून ती साताऱ्याला पोचली.

परीक्षा घेणाऱ्या कमिटीसमोर धोंडू उभा राहिला. वयाची अट सतरा वर्षांची. त्याला सतरा पूर्ण झाली होती, पण साहेबांना तो तेवढा दिसेना. चणीने लहान, तोंडावर अजून पोरपण. त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. एकही पेपर न लिहिता तो होता तसा परत निघाला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो ती परीक्षा पास झाला. पण साताऱ्याचं ते परत पाठवणं त्यांनी म्हातारपणीही विसरलं नाही.

शिक्षणाला एकूणच उशीर झाला. मॅट्रिक १८८१ ला, म्हणजे तेविसाव्या वर्षी. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन १८८४ ला बी.ए. शिकवण्या करून शिकले, पास झाल्यावरही शिकवण्या आणि शाळांवरच पोट. मुंबईतल्या एका इंग्रजी मुलींच्या शाळेतही ते गणित शिकवायचे. मुलींना गणित जमत नाही असं आजही काही बापे पारावर बसून सांगतात. कर्व्यांनी ते एकशे चाळीस वर्षांपूर्वी स्वतः शिकवून बघितलं होतं.

मुंबईला राहूनही गाव सुटलं नव्हतं. कमाईतला हिस्सा गावासाठी बाजूला काढायचा, मुंबईतल्या मुरुडकरांकडूनही घ्यायचा आणि गावच्या कामाला लावायचा, असा मुरुड फंड त्यांनी १८८६ मध्ये सुरू केला. आज प्रत्येक गावाचं मुंबई मंडळ असतं, तसंच हे.

लग्न त्या काळच्या रीतीने लहानपणीच झालेलं. बायको राधाबाई. मुलगा रघुनाथ, तोच पुढे संततिनियमनाचं काम करून स्वतः गाजलेला आणि लोकांच्या शिव्या खाल्लेला. १८९१ मध्ये राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. कर्वे गेले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले. पगार पंचाहत्तर रुपये.

वय तेहतीस. बायको गेलेला कमावता पुरुष. सोयरिकी यायला वेळ लागत नाही. तेव्हाची रीत अशी की चाळिशीच्या बिजवराला अकरा-बारा वर्षांची मुलगी बिनदिक्कत देत. आणि तिकडे घराघरात आठ-दहा वर्षांच्या विधवा. ज्या पोरीला नवरा म्हणजे काय हेच कळलेलं नाही, तिने जन्मभर विधवा म्हणून राहायचं. ब्राह्मणांच्या घरात तर वयात आली की केशवपन, अंगावर लाल आलवण, एकवेळ जेवण, शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही आणि स्वयंपाकघरातलं ढोर काम मात्र तिच्याच वाट्याला. कर्व्यांनी ठरवलं, दुसरं लग्न केलं तर विधवेशीच.

मुंबईत कर्व्यांच्या बिऱ्हाडी देवरुखचे नरहरपंत जोशी राहायचे. त्यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली. भावाने तिला मुंबईला आणलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढलं तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. विशी उलटल्यावर ती पाटी-पेन्सिल घेऊन बसली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. गोदूबाईची आनंदीबाई झाली. पुढे सगळे तिला बाया म्हणत आणि कर्व्यांना अण्णा.

लग्नानंतर दोघं मुरुडला आली. गावात सभा भरली आणि बहिष्काराचा ठराव झाला. जो कोणी कर्व्यांना घरात घेईल, त्यांच्या पंगतीला बसेल, तोही वाळीत. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावात हे घडलं. आई घरात, भाऊ भिकाजी घरात, आणि मुलाने आईच्या पंगतीला बसायचं नाही. गावकीचं वाळीत टाकणं काय असतं हे कोकणात कोणाला समजावून सांगायला नको. आता त्याविरुद्ध कायदा झाला तरी अधूनमधून पोलीस ठाण्यात तक्रारी येतातच. कर्वे भांडले नाहीत. आईला त्रास नको म्हणून गपचूप पुण्याला परतले. एखादा असता तर गावाचं नाव टाकलं असतं.

विधवाविवाहासाठी त्यांनी मंडळी काढली, वर्गणीसाठी हिंडले. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की अशी लग्नं वर्षाला चार-दोन होणार. बाकीच्या हजारोंचं काय? त्यांना लग्न नाही तर निदान स्वतःच्या पायावर उभं राहता यावं, आणि त्यासाठी शाळा हवी. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. कर्व्यांनी स्वतःची शिल्लक, एक हजार रुपये, पहिल्यांदा घातली.

पुण्यात प्लेग आला. शहरात मुली ठेवणं धोक्याचं झालं. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. जमीन म्हणजे माळरान. तिथे कुडाची एक झोपडी बांधली आणि १९०० मध्ये मुली तिथे राहायला गेल्या. ना रस्ता, ना दिवाबत्ती. रात्री कोल्हेकुई.

कॉलेजात दिवसभर गणित शिकवायचं, संध्याकाळी सामानाचं ओझं घेऊन चार मैल हिंगण्याला चालायचं, रात्री मुलींना शिकवायचं, तिथेच झोपायचं, सकाळी परत कॉलेज. पावसाळ्यात त्या वाटेवर काळी माती पायाला धरायची. देशावरची काळी माती ज्यांनी तुडवलीय त्यांनाच ते कळेल, आपली जांभ्याची जमीन त्यामानाने पाऊल सोडते. कर्वे चालले. सतराव्या वर्षी साताऱ्याला गेलेले पाय बेचाळिसाव्या वर्षी हिंगण्याच्या वाटेला लागले होते, आणि या वेळी परत पाठवणारं कोणी नव्हतं.

झोपडीत मुलींना सांभाळायला कोण? बायाची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विशीत विधवा झालेल्या, पदरात एक मुलगा, केशवपन झालेल्या. स्वयंपाकापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. फारसं इंग्रजी येत नसताना पुढे त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवले. देवरुखच्या एका विधवा बाईची ही गोष्ट. तिच्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता या शाळेतली अवघड गोष्ट. कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं होतं, पण आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असा त्यांनी दंडक घातला. कारण होतं. शारदासदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पालकांनी मुली काढून नेल्या होत्या, ते ताजं होतं. हिंगण्याला मुलगी पाठवली तर तिचं परस्पर लग्न लावतील अशी कुजबूज झाली असती तर एकही बाप मुलगी पाठवायला तयार झाला नसता. म्हणून आश्रमात सोवळंओवळं पाळलं जाई, व्रतवैकल्यं होत. विधवाविवाह मंडळीच्या कामातूनही कर्वे बाजूला झाले. सुधारकांनी त्यांना भित्रं म्हटलं, सनातनी तर आधीपासून शिव्या देतच होते. दोन्हीकडून मार.

आणि याची सगळ्यात मोठी किंमत बायाने मोजली. ती पुनर्विवाहित. तिचा आश्रमात वावर दिसला तर पालक बिथरतील म्हणून नवऱ्याने काढलेल्या शाळेतच तिला कितीतरी वर्षं मोकळेपणी जाता येईना. तिला तिथे काम करायची हौस होती, पण तिला लांब ठेवलं गेलं. पदरात मुलं, पुण्यातलं बिऱ्हाड, घरात शिकायला राहिलेले विद्यार्थी आणि नवरा रोज संध्याकाळी हिंगण्याला. पगारातला पैसा संस्थेत. एवढंच काय, अण्णांनी स्वतःच्या आयुष्याचा पाच हजारांचा विमासुद्धा संस्थेला देऊन टाकला. उद्या नवऱ्याचं काही झालं तर मुलांना काय घालायचं, म्हणून बाया रडली, भांडली. चूक होती का तिची? घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावं. पुढे तिने स्वतःची हकीकत लिहिली, ‘माझे पुराण’ नावाने. तिच्यात तिने हे काही लपवलेलं नाही. अण्णांनीही स्वतःच्या आत्मवृत्तात घरच्यांची झालेली ओढाताण कबूल केली आहे. महर्षी म्हणून हार घातलेल्या फोटोपेक्षा ही दोन पुस्तकं वाचली तर माणूस जास्त कळतो. आणि तरी हीच बाया संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली.

आश्रमात त्या वेळी बहुतेक मुली ब्राह्मण घरातल्या होत्या, हेही सांगायला हवं. पुण्यातच सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती आणि त्यांच्या शाळांचं दार सगळ्या जातींना उघडं होतं. हिंगण्याचं दार त्या मानाने अरुंद उघडलं, आणि पुढे हळूहळू रुंद झालं.

हिंगण्याला विधवा मुली शिकायला लागल्या तेव्हा कर्व्यांच्या लक्षात आणखी एक आलं. लग्न न झालेल्या मुलींना विधवांच्या शाळेत पाठवायला आईबाप तयार नसत, अपशकुन मानत. म्हणून ४ मार्च १९०७ ला पुण्यात वेगळं महिला विद्यालय काढलं. मुली किती? सहा. हेतू साधा होता. मुलगी शाळेत जात राहिली की तिचं लग्न दोन-चार वर्षं तरी लांबतं. लग्न लांबलं तर बालविधवा कमी होतील. गणिताच्या मास्तराचा हा हिशेब. पुढे विद्यालयही हिंगण्याला गेलं आणि १९१५ मध्ये आश्रम आणि विद्यालय एक झाले. विधवा आणि कुमारिका एका वर्गात बसल्या. ज्याला पंधरा-वीस वर्षांपूर्वी लोक अपशकुन म्हणत होते ते रोजचं होऊन गेलं.

संस्थेला पैशाची चणचण कायम. दिवाळीत भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घरोघर जाऊन निधी गोळा करायची पद्धत हिंगण्याने पाडली. आपली सख्खी बहीण नसली तरी हिंगण्याची मुलगी बहीण समजून ताटात काहीतरी टाका, असा त्याचा अर्थ. चार आणे, आठ आणे, रुपया. महाराष्ट्रातल्या किती घरांतून हे चार-आठ आणे गेले असतील त्याची गणती नाही.

याच सुमारास कर्व्यांच्या हातात जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारं एक छोटं पुस्तक पडलं. आपल्याकडेही असं का नको? १९१६ मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. वय अठ्ठावन्न, लोक रिटायर होऊन घरी बसतात ते हे वय. कॉलेजच्या वर्गात पाच मुली. शिकवायचं मातृभाषेत, इंग्रजी हा एक विषय म्हणून. घरकाम, आरोग्य असे विषय ठेवले म्हणून शिकलेल्या लोकांनी टीका केली, की बायकांसाठी हे कमी दर्जाचं शिक्षण. ती टीका अगदीच खोटी नव्हती. पण ज्या मुली मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेच्या जवळपासही पोचल्या नसत्या त्या इथे पदवीपर्यंत गेल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी कबूल केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव लागलं. तेच आजचं एसएनडीटी. सरकारी कायद्याची पूर्ण मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. पैसे जमवायला अण्णा सत्तरी पार करून युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका हिंडले.

पण खेड्यातल्या माणसाने लक्षात ठेवावी ती गोष्ट याच्या पुढची. १९३६ साल. वय अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठ उभं राहिलं, हिंगणे उभं राहिलं, नाव झालं. अण्णा मुरुडचं देऊळ विसरले नव्हते. ज्या छोट्या गावांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथल्या पोरांचं काय, म्हणून त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. तुटपुंज्या पेन्शनमधून महिन्याला स्वतःची वर्गणी घातली आणि डबा घेऊन पुण्यात दारोदार फिरले. कोणी एक पैसा दिला तरी पावती करायचे. असे पैसे साठवून लहान लहान गावांत शाळा उघडल्या, मास्तर नेमले. आज पटसंख्या कमी म्हणून वाडीवरच्या शाळा बंद करायच्या गोष्टी चालल्यात. वीस-पंचवीस पोरांसाठी शाळा असावी म्हणून ऐंशीच्या घरातला म्हातारा तेव्हा जिने चढत होता.

१९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला. हिंगण्याच्या सुरुवातीला जे राहून गेलं होतं ते त्यांना टोचत असावं, असं वाटतं. बाया १९५० मध्ये गेली. अण्णांना १९५५ ला पद्मविभूषण आणि १९५८ ला, शंभरी भरली त्या वर्षी, भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. जिवंत माणसाचं तिकीट स्वतंत्र भारतात तोपर्यंत निघालं नव्हतं. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय एकशे चार.

हिंगण्याचं आता कर्वेनगर झालंय. माळावर बालवाडीपासून मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत सगळं आहे, वसतिगृहात गावोगावच्या मुली राहतात. १९०० सालची ती झोपडी संस्थेने आवारातच जपून ठेवली आहे. मुलीला तिथे ॲडमिशनला घेऊन गेलेल्या दापोली, खेड, संगमेश्वरकडच्या पालकांनी फॉर्म भरून झाल्यावर ती बघून यावी. लांब नाही, आवारातच आहे.